वाळू चिकटवली म्हणजे टेक्श्चर झालं असं नसतं

माझ्या टेबलाखाली एक खोका आहे, त्यात झाडाची साल, सुतळीचे तुकडे, अंड्याची टरफलं, गोणपाट, गंजलेले खिळे, मोडक्या घड्याळाची चाकं असं काय काय पडलेलं असतं आणि घरचे अधूनमधून विचारतात हा कचरा कधी टाकणारेस म्हणून. नाही टाकणार. कचराच आहे, मान्य, पण चित्रात टेक्श्चर, म्हणजे हाताला जाणवेल असा खडबडीतपणा, आणायला लागतो.

सुरुवातीला मी भयंकर बाळबोध प्रकार करायचे. समुद्राचं चित्र काढलंय ना, मग लाव किनाऱ्यावरची वाळू आणि वर चिकटव चार शिंपले. ते चित्र कमी आणि शोकेसमध्ये ठेवायची वस्तू जास्त दिसायचं, बघणारा पहिलं हेच म्हणायचा, "अय्या, खरे शिंपले!" झालं, चित्र संपलं तिथेच. वर त्या वाळूने वेगळाच इंगा दाखवला. काही आठवड्यांनी निळ्या रंगावर पांढुरकी पूड दिसायला लागली, पुसली की परत यायची. समुद्राच्या वाळूत मीठ असतं, ते हवेतला ओलावा ओढतं आणि ओल सुकली की वर फुलून येतं. आता मी वाळू गोड्या पाण्यात चार-पाचदा धुते, पसरून खडखडीत वाळवते, चाळते आणि मगच जेल मेडियममध्ये (ॲक्रिलिक रंगांसोबत वापरतात तो घट्ट, गोंदासारखा पदार्थ) कालवते. नदीची असली तरी धुते, कारण मातीचा बारीक अंश राहिला तर पकड नीट बसत नाही.

पण माझी सगळ्यात लाडकी गोष्ट म्हणजे अंड्याची टरफलं. आतला पातळ पापुद्रा ओला असतानाच सोलून काढायचा, तो राहिला तर वास मारतो आणि टरफल पुढे सुटून येतं. बोर्डावर गोंदाचा जाडसर हात द्यायचा, टरफलाचा तुकडा फुगीर बाजू वर करून ठेवायचा आणि अंगठ्याने हळूच दाबायचा. कट्‌ कट्‌ आवाज होतो, तडे जातात, तुकडे थोडे सरकतात आणि मधे बारीक फटी राहतात. पूर्ण वाळलं की वरून पाण्यासारखा पातळ गडद तपकिरी रंग फिरवायचा आणि लगेच कापडाने पुसायचा. वरचा पुसला जातो, फटीतला तसाच राहतो! भेगाळलेली जमीन म्हणा, जुनी भिंत म्हणा, अंडं म्हणून कोणी ओळखत नाही. मला तर वाटतं वस्तू ओळखू येईनाशी झाली की मगच ती चित्राची होते, तोवर ती नुसती चिकटवलेली असते.

आता कोणी म्हणेल मूळ वस्तू लपवायचीच तर लावायची कशाला. अमेरिकन चित्रकार जॅक्सन पोलॉकचं १९४७ चं 'फुल फॅदम फाइव्ह' हे चित्र बघा, त्यात खिळे, बटणं, किल्ली, सिगारेटी असलं बरंच काही आहे, पण आधी दिसतो तो हिरवट रंगाचा गुंता, किल्ली शोधावी लागते. उलट जर्मन चित्रकार आन्सेल्म कीफरच्या चित्रांत गवताच्या काड्या सरळ दिसतात आणि तरी ते शोभतं, त्यामुळे माझा नियम माझ्यापुरताच, त्यावरून भांडू नका.

बाकी छोट्या छोट्या गोष्टी ठेचा खाऊनच कळल्या. जड काही लावायचं असेल तर ताणलेला कॅनव्हास नको, झोळ पडतो, प्लाय किंवा एमडीएफ घ्या आणि मागच्या बाजूलाही प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा हात) मारा नाहीतर बोर्ड वाकतो. पानं दाबून वाळवा आणि दोन्ही बाजूंनी मेडियम लावा. लोखंडावर आधी वॉर्निश, कारण ॲक्रिलिक रंगात पाणी असतं आणि गंज रंगातून वर येतो (कधीकधी तो डाग इतका सुंदर पडतो की मी मुद्दाम वॉर्निश लावत नाही, ते सोडा). आणि बिया, धान्य वगैरे शक्यतो नकोच, माझ्या एका चित्राला आतून कीड लागली होती, रोज सकाळी खाली पिठासारखा भुगा.

सध्या मी उलटं करून बघतेय, वस्तू लावायचीच नाही. बोर्डावर मॉडेलिंग पेस्ट (वाळली की कडक होणारा जाडसर लगदा) पसरायची, त्यात गोणपाट दाबायचं आणि पेस्ट अर्धवट आवळली की उचलून घ्यायचं, फक्त विणीचा ठसा राहतो. लवकर उचललं तर पेस्टही सोबत येते, उशीर झाला तर गोणपाट निघतच नाही. काल नेमका फोन आला आणि मी बोलत बसले. आता ते गोणपाट तिथेच आहे, कडा तेवढ्या ब्लेडने कापल्यात आणि त्यावर राखाडीचा पहिला हात दिलाय.