पाँटूनला ट्रेलर लागतोच का? तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो

पाँटून, म्हणजे लांब ट्यूबांवर तरंगणारी सपाट बोट, घ्यायची ठरली की माणूस इंजिन किती हॉर्सपॉवरचं, सोफे कुठल्या रंगाचे, छत केवढं, स्पीकर किती यावर महिना महिना डोकं लढवतो, आणि मग सगळं ठरल्यावर डीलर सहज विचारल्यासारखं विचारतो, "ट्रेलर पण टाकू ना यात?" ट्रेलर म्हणजे गाडीमागे जोडून बोट न्यायचा चाकांचा गाडा, आणि तिथे घोडं अडतं. मग मला मेसेज येतो की तुमच्याकडे आहे ना पाँटून, मग सांगा, ट्रेलर घेऊ की नको. इतक्या जणांनी विचारलंय की म्हटलं एकदाच नीट लिहून टाकू.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाईत असाल तर पुढचं वाचायला नको. बोट एकाच तळ्यावर, एकाच धक्क्याला बांधून ठेवणार असाल तर स्वतःचा ट्रेलर घेऊ नका. पण स्वतःचा ट्रेलर नको म्हणजे ट्रेलरची सोयच नको असं नाही, आणि गल्लत होते ती नेमकी इथेच.

मुळात ही बोट रस्त्यासाठी जन्मलेलीच नाही. १९५२ च्या सुमारास अमेरिकेतल्या मिनेसोटात अँब्रोस वीअर्स नावाच्या एका शेतकऱ्याने लोखंडी पिंपं एकापुढे एक जोडून दोन रांगा केल्या आणि वर लाकडी फळ्यांचा प्लॅटफॉर्म ठोकला, हेतू एवढाच की तळ्यात न डुगडुगता निवांत बसता यावं. आज पिंपांच्या जागी ॲल्युमिनियमचे दोन किंवा तीन लांब ट्यूब आले, फळ्यांवर सोफे आणि बाजूला रेलिंग आलं, पण मूळ स्वभाव तोच, रुंद, सपाट, वाऱ्याला आडवी. पाण्यावर हे सगळं सुख आहे आणि हायवेवर हाच सगळा ताप आहे.

आता धक्क्यावर राहणारी बोट बघा. जिथे थंडीत पाणी गोठतं तिथे ती सीझनच्या सुरुवातीला पाण्यात जाते आणि शेवटी बाहेर येते, म्हणजे वर्षातून दोन फेऱ्या, बस. बहुतेक मरीनांकडे (बोटी बांधून ठेवायच्या जागा) आणि डीलरांकडे स्वतःचा हायड्रॉलिक ट्रेलर असतो, ते येऊन उचलतात, धुतात, इंजिनाचं हिवाळ्याचं काम करतात आणि ठेवूनही घेतात. या दोन फेऱ्यांसाठी आपण स्वतःचा ट्रेलर घ्यायचा म्हणजे उरलेलं वर्षभर तो कुठेतरी उन्हात उभा राहणार, आणि ट्रेलर उभा राहूनच खराब होतो हे लोकांना पटत नाही. टायरची नक्षी नवीकोरी दिसत असते पण रबर आतून वाळलेलं असतं, ट्रेलरचे टायर झिजून जायच्या आधी वयानेच जातात, साधारण पाच-सहा वर्षांत बदलावेच लागतात. बेअरिंगमधे एकदा पाणी शिरलं आणि गाडा तसाच उभा राहिला की गंज चढतो. शिवाय त्याचं रजिस्ट्रेशन, इन्शुरन्स आणि ठेवायची जागा हे वेगळंच, बावीस फुटी बोट ट्रेलरवर चढली की सगळी लांबी सव्वीस-सत्तावीस फुटांच्या घरात जाते, ती कुठल्या गॅरेजमधे घालणार?

पण, आणि हा पण मोठा आहे, दोन फेऱ्यांच्या मधेही बोट बाहेर काढायची वेळ येते. ट्यूबला चीर गेली, इंजिनचं काम निघालं, वादळाचा इशारा आला. मरीनाला हे आधीच विचारून ठेवा, अगदी खोदून खोदून, की मधेच काढायची झाली तर किती दिवस आधी सांगावं लागतं आणि वादळाच्या वेळी तुमची लाईन कशी लागते, कारण त्या दिवशी प्रत्येक जण फोन करणार असतो. "बघू ना तेव्हा, करू काहीतरी" असं उत्तर आलं तर ते नाही असंच समजा आणि ट्रेलरवाला दुसरा कोणी शोधून ठेवा. घरच्या धक्क्याला बोट लिफ्ट असेल तर बराच भार हलका होतो, बोट पाण्याच्या वर लटकून राहते, ट्यूबवर शेवाळ धरत नाही. लिफ्ट नसेल आणि बोट सतत पाण्यात असेल तर ट्यूबला रंग मारताना तांबं असलेला रंग चुकूनही लावू नका, ॲल्युमिनियमला तो अक्षरशः खातो. पण लिफ्ट झाली तरी ती बोटीला मेकॅनिककडे नेऊन सोडत नाही, ते काम ट्रेलरचंच.

शेजारीपाजारी मिळून एक ट्रेलर घेतात ती कल्पना मला आवडते, एका तळ्यावरच्या तीन-चार घरांत एक ट्रेलर पुरतो. फक्त दोन गोष्टी बघा. कागद एकाच्या नावावर असतात, तेव्हा ओढणारा दुसरा असला तर इन्शुरन्स चालतो का हे आधी विचारून घ्या. दुसरं म्हणजे माप. ट्रेलरवरच्या कार्पेट गुंडाळलेल्या लांब फळ्यांवर ट्यूब टेकतात, त्यांना बंक म्हणतात, आणि ते तुमच्या ट्यूबच्या अंतराला आणि लांबीला जुळायला हवेत. अठरा फुटी बोटीच्या ट्रेलरवर चोवीस फुटी चढवली की मागचा भाग अधांतरी राहतो आणि इंजिन नेमकं तिथेच लटकलेलं असतं, म्हणजे सगळ्यात जड जागेला खाली आधारच नाही.

आता दुसरी मंडळी, ज्यांच्याकडे धक्का नाही, मरीनात जागा मिळत नाही किंवा ज्यांना वेगवेगळ्या तळ्यांवर फिरायचंय. तुम्हाला ट्रेलर लागणारच, त्यात विचार करण्यासारखं काही नाही, पण तुमचा खरा प्रश्न ट्रेलर नाहीये, तुमची गाडी आहे, आणि हे कोणी सांगत नाही कारण ते ऐकल्यावर अर्धी गिऱ्हाईकं परत जातील.

वजनाचा हिशोब करूया. दोन ट्यूबची बावीस फुटी पाँटून, ब्रोशरमधे वजन साधारण बावीसशे पाउंड लिहिलेलं असतं, ते कोरडं वजन, त्यात बहुतेक वेळा इंजिन धरलेलंच नसतं. ११५ हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेर लटकणारं, इंजिन पावणेचारशे पाउंडांच्या आसपास जातं. तीस गॅलन पेट्रोल म्हणजे १८० पाउंड. मग बॅटरी, नांगर, लाइफ जॅकेट, दोऱ्या, कूलर, आणि "राहू दे बोटीतच" म्हणून टाकलेलं बाकीचं सामान. वर ट्रेलरचं स्वतःचं वजन, हजार पाउंड किंवा जास्तच. बेरीज चार हजारांच्या घरात गेली ना? ज्या गाडीची ओढायची क्षमता ३५०० पाउंड आहे ती इथेच बाद, मग सेल्समन काहीही म्हणो. तीन ट्यूबची ट्रायटून, मोठ्या इंजिनची, असेल तर पाच हजार सहज ओलांडते. आणि जोडणीच्या गोळ्यावर, म्हणजे हिचवर, एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास भार खाली दाबला जातो, गाडीत पाच माणसं आणि डिकीत सामान असेल तर तोही भार त्याच मागच्या चाकांवर येतो.

लोकांना वाटतं ओढणं अवघड. ओढणं अवघड नसतं हो, सपाट रस्त्यावर कुठलीही बरी गाडी ओढते. थांबवणं अवघड असतं. म्हणून ट्रेलरला स्वतःचा ब्रेक असावा, अमेरिकेत बऱ्याच राज्यांत ३००० पाउंडांच्या वर तो सक्तीचाच आहे. बोटीच्या ट्रेलरला बहुतेक वेळा सर्ज ब्रेक असतो, म्हणजे गाडी हळू झाली की ट्रेलर मागून रेटतो आणि त्याच रेट्याने त्याचा हायड्रॉलिक ब्रेक लागतो, साधी पण हुशार रचना आहे. आणि दुसरी परीक्षा रॅम्पवर, म्हणजे बोट पाण्यात सोडायच्या उतारावर. शेवाळलेल्या उतारावरून भिजलेली बोट वर ओढताना पुढची चाकं चालवणारी गाडी असेल तर हिचवरच्या भाराने तिचं नाक हलकं झालेलं असतं आणि चाकं जागच्या जागी फिरत राहतात.

वाऱ्याचं तर बोलायलाच नको. छत पूर्ण मिटवून बांधा, नुसतं अर्धं खाली करून नाही, आणि सोफ्याच्या सुट्या गाद्या आत काढून ठेवा, नाहीतर मागच्या गाडीच्या काचेवर जाऊन बसतील. रुंदीचं बघायचं तर बहुतेक पाँटून साडेआठ फुटी असतात त्याला कारण आहे, अमेरिकेत बहुतेक ठिकाणी स्पेशल परमिटशिवाय रस्त्यावर न्यायची मर्यादा तेवढीच आहे. काही मॉडेलं दहा फूट रुंद येतात. ती आवडली असेल तर अभिनंदन, पण मग ती दर शनिवारी इकडून तिकडे न्यायची बोट नाही हे डोक्यात ठेवा.

ट्रेलर घ्यायचाच तर कुठला? दोन प्रकार दिसतात. एक तो बंकवाला, रुंद आणि स्थिर. दुसरा सिझर ट्रेलर, कात्रीसारखा उघडणारा, तो दोन ट्यूबच्या मधे शिरतो आणि हँडल फिरवलं की डेकला खालून उचलतो. हा अरुंद असतो, उथळ रॅम्पवर कामाला येतो, अंगणात बोट लाकडी ठोकळ्यांवर ठेवून ट्रेलर मोकळा करता येतो, आणि जुन्या बोटींसोबत तो फुकटासारखा मिळतोही. पण साडेआठ फुटी बोट आणि खाली जवळजवळ बसवलेली चाकं, आडवा वारा आला की सगळं डुलायला लागतं. तळ्यापासून घरापर्यंत गल्लीतल्या वेगाने न्यायला ठीक, हायवेवर मी तो अजिबात नेणार नाही आणि तुम्हालाही नेऊ नका असंच सांगेन. ट्रायटून असेल तर बहुतेक वेळा प्रश्नच मिटतो, मधला ट्यूब त्याच्या वाटेत येतो.

बोट ट्रेलरवर परत चढवणं ही एक वेगळीच कला आहे. पाँटून पाण्यात फार खोल बसत नाही, त्यामुळे आडवा वारा तिला कागदासारखी ढकलतो. ट्रेलर पाण्यात इतकाच घालायचा की बंकचा पुढचा भाग पाण्याबाहेर राहील, जास्त खोल घातला की बोट नुसती वर तरंगते आणि कुठल्याही बाजूला सरकते. मग वाऱ्याच्या बाजूने थोडं तिरकं यायचं, ट्यूब बंकला टेकला की वाराच तिला सरळ करतो, आणि शेवटचे काही फूट विंचचा, म्हणजे ट्रेलरवरच्या हँडलने गुंडाळायचा, पट्टा लावून हाताने ओढायची. इंजिनचा जोर देऊन चढवायची सवय बऱ्याच जणांना असते, त्याने रॅम्पच्या टोकाखालची माती उकरली जाते, म्हणून काही रॅम्पवर त्याला बंदीच आहे. ट्रेलरला दोन्ही बाजूंना उभे गाइड पोस्ट असतील तर निम्मं भांडण वाचतं (नवरा-बायकोचं म्हणतोय, रॅम्पवर बसून बघा कधी).

हायवेवरून आल्यावर थेट पाण्यात घालू नका हेही सांगून ठेवतो. हब, म्हणजे चाकाचा बेअरिंग असलेला मधला भाग, गरम असतात, थंड पाण्यात बुडाले की आतली हवा आकसते आणि सील जरा जरी सैल असलं तरी पाणी आत ओढलं जातं. बोट तयार करण्यात जी दहा-पंधरा मिनिटं जातात ती पार्किंगमधे वर घालवा, तेवढ्यात हब निवतात. वाटेत पहिल्यांदा थांबाल तेव्हा प्रत्येक हबला हात लावा, कोमट असला तर ठीक, हात ठेववत नाही इतका तापला तर पुढे जाऊ नका.

आणि जे म्हणतात शनिवारी या तळ्यावर, रविवारी त्या तळ्यावर, त्यांच्यासाठी एक अडचण आहे. झेब्रा मसल नावाचे शिंपले १९८८ मधे अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या लेक सेंट क्लेअर तळ्यात सापडले आणि तिथून पुढे अमेरिकेतल्या कितीतरी तळ्यांत पसरले, त्यात बोटी आणि ट्रेलरांचा मोठा हात आहे. त्यामुळे बाहेर काढली की धुवा, सगळं पाणी काढा, वाळवा, आणि वाळवायला साधारण पाच दिवस द्या असं सांगतात. काही तळ्यांवर, कॅलिफोर्निया-नेवाडा सीमेवरच्या लेक टाहोसारख्या, तपासणी झाल्याशिवाय इंजिनवाली बोट पाण्यात टाकूच देत नाहीत. म्हणजे ट्रेलरने स्वातंत्र्य मिळतं, पण वाटतं तेवढं नाही. शिवाय ट्रेलर असून रॅम्प हवा ना! २०२२ मधे लेक मीडची (नेवाडा-ॲरिझोनातलं हूव्हर धरणाचं जलाशय) पातळी १९३७ नंतरची सगळ्यात खाली गेली, रॅम्पच्या टोकापर्यंतच पाणी पोचेना, बहुतेक रॅम्प बंद झाले, तेव्हा पार्किंगमधे ट्रेलर घेऊन उभं राहण्याला काय अर्थ होता.

जुना ट्रेलर घेणार असाल तर रंगाला भुलू नका. टायरच्या बाजूला कोडच्या शेवटी चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा, तो टायर दिसायला कितीही चांगला असो, बदलायचा खर्च धरूनच बोला. चाक जॅकवर उचलून हाताने फिरवा, खरखर आली की बेअरिंग गेलं. खाऱ्या पाण्यात वापरायचा असेल तर रंगवलेली लोखंडी फ्रेम नको, गॅल्वनाइज्ड किंवा ॲल्युमिनियमचीच घ्या.

अजूनही ठरत नसेल तर डीलरला सांगा की ट्रेलर बिलात वेगळ्या ओळीत दाखवा आणि बोट पाण्यापर्यंत पोचवायचं तुमच्याकडेच ठेवा, पहिला सीझन तसाच काढा. मधेच लागला तर नंतर घेता येतो, नवा किंवा जुना, फक्त तो सीझन संपायच्या आठवड्यात शोधायला निघू नका, तेव्हा सगळं तळं ट्रेलर शोधत असतं.