जावयाचा देव्हारा

एखाद्याला नको तेवढं चढवून ठेवलं की आपण म्हणतो, त्याचा देव्हारा माजवलाय. देव्हारा म्हणजे देवघर. त्यातला 'देव' संस्कृतातल्या 'दिव्' धातूचा. दिव् म्हणजे चमकणे. 'दिवस'ही त्याच घरातला. माणसासाठी वापरला की हा शब्द टोमणा होतो, पण धोंड्याच्या, म्हणजे अधिक महिन्यात मराठवाड्यात तोच राजरोस विधी असतो. लग्नात रुसून बसलेला जावई एकदम नारायण, लेक लक्ष्मी.

चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, सौर ३६५चं. हे अकरा दिवस साचत साचत साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एक महिना जादा येतो. त्यात सूर्याची संक्रांत नाही, म्हणजे सूर्य रास बदलत नाही, म्हणून लग्न-मुंजी बंद आणि नाव काय, तर मलमास. या बिनधन्याच्या महिन्याला विष्णूने स्वतःचं पुरुषोत्तम हे नाव दिलं, अशी कथा. म्हणजे आधी महिन्याचाच देव झाला; जावयाचा नंबर मागून. माजलगाव तालुक्यात गोदाकाठच्या पुरुषोत्तमपुरीला या महिन्यात रीघ लागते. तिथल्या शके १२३२च्या यादव ताम्रपटात पुरुषोत्तम नावाचा एक मंत्रीही आहे. नावं अशी देवाकडून माणसाकडे जात-येत असतात.

नारायणाला वाण द्यायचं ते तांब्याच्या ताटात: दिवा, दक्षिणा आणि जाळीदार पदार्थ, तेही ३३. बत्तासे चालतात, पण मान अनारशाचा. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं, सावलीत फडक्यावर पसरून ओलसर असतानाच दळायचे. चाळलेल्या पिठाच्या वजनाइतका किसलेला गूळ, चमचाभर तूप. गोळा डब्यात चार-पाच दिवस. थापताना खसखस खाली, तळताना वर. उलटायचा नाही, झाऱ्याने वरून तूप सोडायचं. तांदूळ फार वाळले की अनारसा दगड होतो. देवाला धोंडा चालतो, जावयाला नाही. गूळ जास्त झाला किंवा पीठ सैल पडलं की कढईत पसरून विरतो. त्याला म्हणतात अनारसा हसला. २०२६चा अधिक ज्येष्ठ १७ मेपासून, म्हणजे ऐन उन्हाळ्यात. पीठ लवकर आंबतं, हसण्याचं प्रमाण वाढतं. हसलेले वाणात धरत नाहीत, पोरं खातात. म्हणून पीठ चाळीसाच्या हिशेबानेच भिजवावं.