जुनी गाडी पारखायची तर आधी धुऊ नका

वाड्याच्या सोप्यात ताडपत्रीखाली पडलेली मॉरिस किंवा ऑस्टिनसारखी जुनी इंग्लिश गाडी सापडली की पहिलं काम काय होतं? पाण्याची पाइप लागते. आणि गाडी मूळची आहे की बदललेली, याचा निम्मा पुरावा गटारात जातो. धुळीसकट फोटो काढा, आरसी बुकातला चेसिस आणि इंजिन नंबर गाडीवर ताडून बघा. चेसिस प्लेटचे रिव्हेट प्लेटपेक्षा नवे दिसले तर तिथंच थांबून चौकशी करा.

रंगाच्या बाबतीत थिनरच्या बोळ्यावर फार विसंबू नये. बोळ्याला रंग लागला म्हणजे तो कारखान्याचाच, असं नाही. नंतर गॅरेजात फवारलेला ड्युको रंगही तसाच सुटतो. त्यापेक्षा मालकाला विचारून डिकीच्या झाकणाच्या आतल्या कडेला, रुपयाएवढ्या जागेत, 800 आणि मग 1200 नंबरचा वॉटरपेपर हलक्या हातानं फिरवा. थरांची वर्तुळं उमटतात. पत्रा, प्रायमर आणि एकच रंग निघाला तर उत्तम. मध्ये दुसरा रंग किंवा लांबीचा (पुट्टीचा) थर दिसला तर गाडी रंगवलेली आहे. दाराच्या रबरावर, वायरिंगवर रंगाचे शिंतोडे असतील तर एवढ्या खटपटीचीही गरज नाही.

इंग्लिश गाड्यांच्या लुकास कंपनीच्या डायनामोवर, स्टार्टरवर महिना आणि साल ठोकलेलं असतं. '6 52' म्हणजे जून 1952. ही तारीख गाडी बनण्याच्या थोडी आधीची हवी. नंतरची असेल तर तो पार्ट बदललाय. बोल्टच्या डोक्यावर 8.8 आकडा दिसला तर तो मेट्रिक (मिलिमीटरच्या मापाचा), म्हणजे त्या काळच्या इंग्लिश गाडीत मागाहून आलेला.

कोल्हापुरात एक जादा अडचण आहे. उद्यमनगरात, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या भागात, लेथवर कुठलाही पार्ट करून मिळतो, आणि कधीकधी मूळच्यापेक्षा सरस. त्यामुळं 'फिट बसलाय' याला अर्थ नाही. ओतीव भागावर कंपनीची खूण आणि कास्टिंग नंबर शोधा.

शिवाय 2019 आणि 2021 चा महापूर. शाहूपुरी, नागाळा पार्ककडची गाडी असेल तर सीटच्या स्प्रिंगा, हेडलाइटची वाटी, दाराच्या आतला तळ बघा. वाळलेला बारीक गाळ वरवरच्या पुसण्यानं जात नाही.

डिझेल इंजिन टाकलेली गाडी मूळ म्हणून मोजू नये. 2021 च्या केंद्राच्या नियमांत 'व्हीए' मालिकेचा व्हिंटेज नंबर मिळायला गाडी 50 वर्षांपेक्षा जुनी लागते आणि चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा बदल चालत नाही. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं. सौदा ठरवण्याआधी हे बघा.