गोदेच्या उलट्या दिशेनं: नाशिक ते ब्रह्मगिरी, पळत पळत तीन सकाळी

गणपती गेले की नाशिकात पळणाऱ्यांचा खरा हंगाम सुरू होतो. पाऊस असतो, पण त्याचा जोर ओसरलेला असतो. डोंगर हिरवेगार आणि ऑक्टोबरचं ऊन अजून दूर. याच दिवसांत मी आणि माझा मेहुणा सलग तीन सकाळी पळालो. मेहुणा पुण्याचा. डांबरावर पळणारा आणि दर किलोमीटरला मनगटाकडं बघणारा. आखणी एका ओळीची होती: गोदावरी जिकडून येते तिकडं जायचं. पहिल्या दिवशी शहरातला काठ, दुसऱ्या दिवशी अंजनेरी, तिसऱ्या दिवशी ब्रह्मगिरीची फेरी.

शहरातला टप्पा थोडक्यात सांगतो, नाशिककरांना तो पाठच आहे. रामकुंडावरून निघायचं, गंगापूर रोड धरायचा, आनंदवलीला नवश्या गणपतीशी नदीला भेटायचं आणि सोमेश्वरला धबधब्याजवळ थांबायचं. सात-आठ किलोमीटर होतात. सकाळी सहाच्या आत निघालात तर रस्ता तुमचा, सातनंतर तो शाळेच्या बसचा. सोमेश्वरला काळ्या कातळावर उतरायचा मोह होतो, तो आवरा. वर गंगापूर धरण आहे आणि त्याचा विसर्ग वाढला की खालचं पाणी बघता बघता चढतं. पावसाळ्यात नदीकाठी पळणार असाल तर आदल्या रात्री एखाद्या पंचवटीकराला विचारा, ‘मारुतीला कुठवर पाणी आहे?’ रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती ही आमची पूरपट्टी. पाणी गुडघ्याला असेल तर सावध राहायचं, कमरेला लागलं असेल तर काठाचा नाद सोडायचा.

सोमेश्वरच्या पुढं धरणाकडं गेलात तर द्राक्षबागा आणि मळे लागतात. रस्ता सुंदर आहे, पण नीट उजाडल्यावरच जा. नाशिकच्या मळ्यांत बिबट्या ही बातमी राहिलेली नाही. एकट्यानं, कानात गाणी लावून, हेडलाइटच्या उजेडात पळणं ही मर्दुमकी इथं नको. आम्ही दोघांनी मोठमोठ्यानं गप्पा मारत ती वाट काढली. मेहुण्याचा वेग त्यामुळं पडला आणि त्याची कुरकुर चहापर्यंत चालली.

अंजनेरी मात्र वेगळं प्रकरण. त्र्यंबक रोडनं वीसेक किलोमीटरवर अंजनेरी फाटा आहे, तिथून आत गाव. गावात जुन्या जैन आणि हेमाडपंती देवळांचे अवशेष विखुरलेत, परतताना पाच मिनिटं काढून बघा. गावातून वर जाणारा रस्ता पायऱ्यांपर्यंत पळता येतो, चढ अंगावर येणारा असला तरी. पायऱ्या सुरू झाल्या की पळणं संपलं असं समजा. कातळातल्या घळीतून ती वाट वर चढते, पावसात तिच्यावरून पाण्याचा पाट वाहतो आणि शेवाळ साबणासारखं असतं. माझे बूट डांबरी रस्त्याचे. तिसऱ्या वळणावर पाय सटकला आणि मी चार पायऱ्या बसूनच उतरलो. हाड वाचलं, पँट वाचली नाही. डोंगरवाटेचे, खोल खाचांच्या तळाचे बूट असतील तरच इथं या, नाहीतर चालत चढा. त्यात कमीपणा काही नाही.

वर पठारावर पोचलात की चढाचं सगळं विसरायला होतं. अंजनीमातेचं देऊळ, पुढं तळं, आणि दोन्ही बाजूंनी सोनकीचा पिवळा गालिचा. सप्टेंबरात तेरडाही असतो. पण वाट सोडून गालिच्यात शिरू नका. या पठारावर कंदीलपुष्पाची एक जात उगवते, सेरोपेजिया अंजनेरिका. नावातच डोंगराचं नाव आहे. फोटोसाठी फुलांत लोळणाऱ्यांना त्याचा पत्ताही नसतो. कड्यावर गिधाडांची घरटी आहेत, म्हणून आरडाओरडही नको. आणि माकडं! पाठीवरच्या पिशवीची चेन त्यांना उघडता येते. चिक्की खिशात ठेवली तर खिसा जातो. उंची साधारण ४,२०० फूट, त्यामुळं वरचं वारं घाम सुकवतं आणि पाच मिनिटांत हुडहुडी भरते. एक पातळ विंडचीटर कमरेला बांधून न्याच.

आता फेरी. लिहायला बसलो ते खरं तर हिच्यासाठी.

ब्रह्मगिरीच्या पायथ्यानं डोंगराला घातलेली प्रदक्षिणा म्हणजे फेरी. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी लाखो माणसं ती अनवाणी चालतात. त्या दिवशी पळायला जाऊ नका. पळता येणार नाही, आणि येऊही नये. त्र्यंबकच्या कुशावर्त कुंडावर पाय धुवायचे, डोंगर उजव्या हाताला ठेवायचा आणि निघायचं. लहान फेरी साधारण २० किलोमीटरची. वाट पहिनेच्या बाजूनं जाते, मागच्या अंगानं धाडोशी, भिलमाळ अशी गावं घेते आणि सापगावकडून परत त्र्यंबकात येते. काही भाग डांबरी, काही बांधावरचा, काही निव्वळ चिखल.

या फेरीची मजा पळणाऱ्याला पायांत कळते. ब्रह्मगिरीच्या पूर्वेला पडलेलं पाणी गोदावरीत जातं आणि १,४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळतं, अरबी समुद्र इथून जेमतेम ८० किलोमीटरवर असताना. त्याच डोंगराच्या दुसऱ्या अंगाचं पाणी वैतरणा होऊन पश्चिमेला उतरतं. म्हणजे न्याहारीच्या आधी तुम्ही एका समुद्राच्या पाण्यातून दुसऱ्या समुद्राच्या पाण्यात बूट भिजवता. मेहुण्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, “चिखल दोन्हीकडं सारखाच आहे.” त्याचंही खरं होतं.

पहिनेच्या अलीकडं भातखाचरं लागली. भात निसवायला आला होता, वरच्या अंगाला नागलीची कणसं वळायला लागली होती. बांधावर एक आजी बसल्या होत्या. आम्हाला बघून म्हणाल्या, “कुठं चालला रं एवढं पळत? मागं वाघ लागलाय का?” फेरी करतोय म्हटल्यावर त्यांनी आमच्या पायांकडं पाहिलं. “आन् बूट घालून?” यावर दोघांनाही उत्तर सुचलं नाही. मेहुण्यानं मुकाट्यानं घड्याळ बंद केलं. तीन दिवसांत पहिल्यांदाच.

पुढच्या चढाला आम्ही धापा टाकत चालत होतो तेव्हा डोक्यावर हंडे घेतलेल्या दोन मुली बोलत बोलत आमच्या पुढं गेल्या. हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत याच भागातली. २०१० च्या दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिनं १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक घेतलं आणि सावरपाडा एक्स्प्रेस हे नाव मिळवलं. ते नाव कुठल्या चढांवर घडलं हे त्या मुलींची पाठ बघताना समजलं.

धाडोशीच्या आसपास मेहुण्याच्या डाव्या बुटाचा तळ पुढून सुटला. चिखलानं ओढून घेतला आणि बूट मगरीसारखा तोंड उघडून चालायला लागला. एक शेतकरी दादा खताच्या गोणीची खोळ डोक्यावर घेऊन उभे होते. त्यांनी काही न विचारता बसायला अंथरलेली दुसरी गोण उचलली आणि तिच्या तोंडाची शिवण एका टोकानं पकडून ओढली. सर्र करून हातभर पांढरा दोरा निघाला. बुटाखालून दोन वेढे, घोट्याला एक, आणि एक गाठ जी आम्हाला घरी आल्यावर कात्रीनं कापावी लागली. पैसे देऊ केले तर हसले. “फेरीला आलाय ना? मग?” त्या दोऱ्यावर मेहुणा उरलेले आठ-नऊ किलोमीटर गेला. माझ्या पिशवीत तीन एनर्जी जेल, बँडेज आणि शिट्टी होती, दोरी नव्हती. तुम्ही न्या. जेल एखादं कमी चालेल.

आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवा. नाशिकच्या सीबीएसवरून, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावरून, त्र्यंबकला एसटी मिळते, सिटीलिंकची शहर बसही जाते. सोमवारी आणि सुट्टीच्या दिवशी गाडी नेऊन पार्किंगसाठी अर्धा तास घालवण्यापेक्षा ते बरं. डोंगराच्या मागच्या अंगाला मोबाइलची रेंज येते-जाते, नकाशा आधीच उतरवून ठेवा. मार्ग चुकलात असं वाटलं की कुणालाही ‘फेरीची वाट कुठली?’ एवढंच विचारा, बाकी काही सांगावं लागत नाही. पाणी दीड लिटर तरी हवं. पाड्यावर मागितलं तर मिळतं, पण ते किती लांबून आणलेलं असतं ते वर लिहिलंच आहे. सुट्टे पैसे ठेवा. ओढ्याला गढूळ पाणी असेल आणि त्यातून पानं-काटक्या वाहत येत असतील तर ओलांडू नका. वर कुठंतरी जोराचा पाऊस झालाय, तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी. पहिने, दुगारवाडी या धबधब्यांवर पावसाळ्यात बंदीचे आदेश निघतात, निघण्याआधी त्या आठवड्याची स्थिती बघा. बंदी असेल तर ती मोडून व्हिडिओ काढणाऱ्यांत आपण नको.

वेळेचं म्हणाल तर आम्हाला फेरीला साडेतीन तास लागले. घड्याळ बंद होतं, म्हणून हा हिशेब देवळाच्या घंटांवरून आणि एसटीच्या वेळेवरून काढलेला. त्र्यंबकात पोचलो तेव्हा स्टँडजवळ गरम पोहे आणि मिसळ दोन्ही होतं. मेहुण्यानं दोन्ही घेतलं. शेजारच्या बाकावरचे गृहस्थ बराच वेळ त्याच्या दोरा गुंडाळलेल्या बुटाकडं बघत होते. शेवटी त्यांनी विचारलंच, “नवस आहे का?”

“हो,” मेहुणा म्हणाला, आणि पाव मागवला.