सर, छडी कुठंय?

पोलीस भरतीची तयारी करणारा पोरगा वाचनात मागं राहिलेल्या लेकरांना फुकट शिकवायला म्हणून पहिल्या दिवशी वर्गात शिरला, पोरांवरून एक नजर फिरवली आणि मला विचारता झाला, "सर, छडी कुठंय?"

मी म्हटलं, छडी नाही. तो हसला. त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. मग त्यानं खुर्ची मागितली. ती दिली असती तर सगळंच मुसळ केरात गेलं असतं, हे मला तेव्हा नीटसं कळलं नव्हतं. खुर्ची त्या दिवशी बीएलओचे, म्हणजे मतदार यादीच्या कामाचे, गठ्ठे ठेवायला गुंतली होती म्हणून दिली नाही, एवढंच.

आमची शाळा बीड जिल्ह्यातली, जिल्हा परिषदेची. पहिली ते पाचवी, शिक्षक तीन. गाव ऊसतोडीचं. दिवाळी सरली की निम्मं गाव ट्रॅक्टरमध्ये संसार भरून पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात निघतं आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की मार्च-एप्रिलात परततं. काही लेकरं आईबापाबरोबर जातात, काही आजीजवळ राहतात. हंगामी वसतिगृह वेळेत सुरू झालं तर दोन वेळचं जेवण तिथं होतं. पटावर मात्र सगळी बारा महिने असतात.

एप्रिल २०२३ मध्ये परत आलेल्यांसकट, जूनपासून तिसरी ते पाचवीत बसणाऱ्या ४१ मुलांना मी एकेकटं समोर बसवलं. मुलांना वाचता येतं का हे तपासणारे 'असर'वाले २००५ पासून गावोगाव जो कागद घेऊन फिरतात, तसाच कागद: आधी सुटी अक्षरं, मग शब्द, मग चार ओळींचा परिच्छेद, मग छोटी गोष्ट. चौथीतला एक मुलगा वर्गात कविता घडाघडा वाचायचा. मी त्याच्या बोटाकडे कधी पाहिलंच नव्हतं. त्या दिवशी पाहिलं. तोंड तिसऱ्या कडव्यात होतं आणि बोट पहिल्या ओळीवरच थांबलेलं. पाठ होती सगळी. कागदावरचा 'घर' हा शब्द त्याला लागला नाही.

४१ पैकी गोष्ट वाचणारी ८ निघाली. परिच्छेदापर्यंत पोचणारी आणखी ८, शब्दांवर अडकलेली ९, नुसती अक्षरं ओळखणारी ११ आणि अक्षरंही न ओळखणारी ५. यातली बरीचशी मुलं मी स्वतःच शिकवलेली होती, हे लिहून टाकतो म्हणजे पुढचं वाचताना गैरसमज नको.

उपाय मी शोधून काढला नाही. मुंबईत आणि वडोदऱ्यात 'प्रथम' या संस्थेनं 'बालसखी' चालवल्याला वीस वर्षं होऊन गेली होती. वस्तीतलीच दहावी-बारावी झालेली मुलगी तिसरी-चौथीतल्या मागं राहिलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज दोनेक तास वेगळं घेऊन बसायची. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो या अर्थशास्त्रज्ञ मंडळींनी त्याचा अभ्यास केला आणि मुलांना फायदा झाल्याचं दाखवलं. त्याच्याही खूप आधी बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तर गुरं राखणाऱ्या पोरांसाठी शाळाच कुरणावर नेली होती. डी.एड.ला कुरणशाळेवर पाच मार्कांची टीप लिहून मी पास झालो होतो. तिचा माझ्या वर्गाशी काही संबंध आहे असं तेव्हा वाटलं नव्हतं.

ठरलं ते असं: मधल्या सुट्टीनंतरचा दीड तास तिसरी-चौथी-पाचवी हे वर्गच ठेवायचे नाहीत. ज्याला जेवढं येतं त्या गटात त्यानं बसायचं. पाचवीतला तिसरीतल्याशेजारी. गट चार, शिक्षक दोन, कारण तिसऱ्या बाई पहिली-दुसरी सांभाळणार. उरलेली माणसं गावातून.

शाळा व्यवस्थापन समितीची बैठक पंधरा मिनिटांत उरकली. निम्मे सदस्य नुकतेच उसाच्या फडावरून आलेले होते. एक आजोबा म्हणाले, "गुर्जी, लेकराला मुकादमाची वही वाचता आली तरी लई झालं." मुकादम म्हणजे ऊसतोडीची टोळी नेणारा, हिशेब त्याच्या वहीत. सूचक-अनुमोदक मिळाले, ठराव झाला.

खरा वेळ खाल्ला तो तालुक्याच्या शिक्षण कार्यालयानं. माझं पत्र तीन टेबलं फिरलं. शेवटी एका साहेबांनी समोर बसवून विचारलं, "बाहेरच्या माणसाच्या हातात वर्ग दिला आणि उद्या एखाद्या मुलीच्या बाबतीत काही घडलं, तर जबाबदार कोण? मी?" त्यांचा सूर मला झोंबला. महिनाभर मी त्यांच्या नावानं बोटं मोडत होतो. आता वाटतं, तीन टेबलांवरच्या माणसांत कामाचा प्रश्न एकट्या त्यांनीच विचारला. त्यातूनच आमचे नियम झाले. गट व्हरांड्यात किंवा झाडाखाली बसणार, बंद खोलीत नाही. शिक्षक नजरेच्या टप्प्यात असणार. स्वयंसेवक एकटा कुठल्याही लेकराला घरी किंवा दुकानाला नेणार नाही. प्रत्येकाची माहिती आणि सही समितीच्या फाइलला. एवढं लिहून नेल्यावर परवानगी आली, 'प्रायोगिक तत्त्वावर' असा शेरा मारून.

स्वयंसेवक पाच मिळाले. दोघं भरतीवाले, पहाटे पाचला डांबरी रस्त्यावर पळणारे. एक मुक्त विद्यापीठातून बीए करणारी गावातली सून. एक डी.एड. होऊन शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलकडे डोळे लावून बसलेला. आणि एक बारावी नापास मुलगी, तिला घरचे म्हणाले तेवढाच वेळ जाईल. मोबदला शून्य. चहा माझ्याकडून.

आता छडीकडे येतो. मी समजत होतो की तरुण पोरं आली की मोकळेपणा आपोआप येईल, हसतखेळत शिकवतील. झालं उलटंच. आमच्यापेक्षा कडक मास्तर ती निघाली! हाताची घडी, तोंडावर बोट. उभं राहून बाराखडी, चुकला की अंगठे धर. त्यांचं तरी काय चुकलं? शाळा म्हटलं की त्यांना जी माहीत होती तीच त्यांनी आणली. ती याच इमारतीतली होती, आणि त्यांतल्या दोघांना चौथीत मीच शिकवलेलं. भरतीवाला 'ए, गप बस' ज्या हेलात म्हणायचा तो हेल ओळखीचा वाटला. माझाच होता तो.

म्हणून तीन दिवस लेकरांना सुट्टी दिल्यासारखं करून लिंबाखाली आम्हीच खेळलो. जमिनीवर खडूनं बाराखडी काढायची आणि शब्द सांगितला की त्या अक्षरांवर उड्या मारायच्या. गोष्ट सांगताना मधेच थांबायचं, पुढं काय झालं असेल ते पोरांना विचारायचं, आणि पोरं बोलतील तेच फळ्यावर लिहून तेच वाचायला द्यायचं. एक नियम बीएवाल्या सुनेनं घातला: शिकवणारा बसलेल्या लेकरापेक्षा उंच नको. सगळे जमिनीवर. भरतीवाल्याला मांडी घालून बसणं जड जायचं, पायात गोळे यायचे. पण तो बसायला लागला आणि त्याचा आवाज आपसूक खाली आला.

माझे सहकारी शिक्षक मात्र बाजूला उभे. वीस वर्षं सेवा झालेली, चांगला माणूस. त्यांचा प्रश्न सरळ होता, "हे आले तर आपण काय करायचं? उद्या वरचे म्हणतील, फुकटात भागतंय, शिक्षक कशाला देता?" यावर माझ्याकडं तेव्हा उत्तर नव्हतं, आजही पक्कं नाही. त्यांनी गोष्ट वाचणाऱ्यांचा गट घेतला, कारण त्यात खेळ कमी. मी अक्षरंही न येणाऱ्यांचा घेतला.

गणितात जे घडलं ते सांगतोच. हातच्याची वजाबाकी. ५२ वजा २७. तिसरीपासून पाचवीपर्यंत निम्म्यांचं उत्तर ३५, म्हणजे दोनातून सात जात नाहीत तर सातातून दोन काढायचे. मी 'शेजाऱ्याकडून उसनं घे' दहा वर्षं सांगत आलो. त्या बारावी नापास मुलीनं ज्वारीच्या धाटांचे बोटभर तुकडे केले, दहा-दहाच्या जुड्या रबर लावून बांधल्या आणि म्हणाली, ही मोळी. ऊसतोडीच्या घरातल्या लेकराला मोळी सांगावी लागत नाही. आई बांधते, बाप डोक्यावर घेऊन गाडीत चढवतो. पाच मोळ्या आणि दोन सुटी कांडकी समोर ठेवली. सत्तावीस काढून दे म्हटल्यावर चौथीतली एक मुलगी दोन सुट्या कांडक्यांकडे बघत बसली, मग तिनं एका मोळीचं रबर ओढून काढलं. शेजारचा ओरडला, "अगं मोडली कामून?" ती म्हणाली, "मोळी सोडल्याबिगर सुटे कुठून येतील?"

सहकारी सर पलीकडून बघत होते. बोलले काही नाहीत. पुढच्या आठवड्यात त्यांच्या कपाटात ज्वारीच्या धाटांचा एक भारा दिसला.

सप्टेंबरपर्यंत बरं चाललं. मग कुरबुरी सुरू. पालक म्हणाले, शाळेत नुसता खेळ चाललाय, वह्या कोऱ्या. त्यांचं समाधान करायला आम्ही रोज चार ओळी वहीत लिहून घेऊ लागलो. त्यात मुलांचं भलं किती आणि आमची अब्रू वाचवणं किती, मला सांगता येणार नाही. दिवाळीनंतर ४१ पैकी १७ गेली. राहिलेल्यांचे गट पुन्हा पाडले.

जानेवारी २०२४ मध्ये मात्र गाडी पार रुळावरून घसरली. मागासवर्ग आयोगाचं सर्वेक्षण लागलं. दोघं शिक्षक मोबाईल घेऊन घरोघर, शाळेत एकट्या बाई. मी डी.एड.वाल्याला म्हटलं, "चार दिवस तिसरी-चौथी बघ रे." तो खूश झाला, त्याला तर तेच हवं होतं. त्यानं हजेरी घेतली, धडा वाचून दाखवला, प्रश्नोत्तरं फळ्यावर उतरवली. दीड तासाचा गट बंद पडला तो सर्वेक्षण संपलं तरी सुरू होईना. नंतर एका प्रशिक्षणात ऐकलं की उत्तराखंडमध्ये हेच झालं होतं: 'प्रथम'नं स्वयंसेवक शाळांना दिले, शाळांनी त्यांना नेहमीच्या तासांना जुंपलं, आणि मुलांच्या वाचनात फरक पडला नाही. त्याच मंडळींनी बिहारमध्ये स्वयंसेवकांकडून तेच काम वेगळं करून घेतलं, तिथं पडला. ऐकताना माझे कान गरम झाले. शाळेला माणसांची इतकी भूक असते की आलेल्याला ती आधी मास्तर करून टाकते. खुर्ची न देता मी त्याला अख्खा वर्ग देऊन बसलो होतो.

मार्चमध्ये शासनानं शाळांसाठी खेळ-उपक्रमांचा 'आनंददायी शनिवार' काढला. आम्ही आमच्या कागदावर तेच नाव लिहिलं आणि तालुक्याचे प्रश्न थांबले. काम सगळे दिवस, नाव शनिवारचं. याला कुणी लबाडी म्हणेल, म्हणू दे.

मग ऑगस्टच्या सुमारास मुख्यमंत्र्यांच्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून, गावाच्या भाषेत 'लाडक्या भावा'तून, शाळेत एक पदवीधर आला. महिना १०,००० रुपये विद्यावेतन. वर्षभर फुकट राबणारी पोरं बघतच राहिली. बीएवाली सून उघड बोलली, "सर, आम्ही लाडके नाही का?" त्या योजनेत बसेल त्यानं बसावं म्हणून मीच दोघांचे अर्ज भरले. एक भरतीवाला ग्रामपंचायतीत लागला आणि आमच्याकडून गेला. दुसरा खरंच पोलीस झाला. बारावी नापास मुलीचं लग्न ठरलं. पाचांतली सून तेवढी उरली. नवीन तिघं आले, पुन्हा छडीपासून सुरुवात. फरक एवढाच की आता छडी नाही हे पोरंच सांगतात.

आकडे सांगतो, कारण नुसत्या गोष्टी सांगणाऱ्यांचा मला राग आहे. पहिल्या वर्षाअखेर, बाहेर न गेलेल्या २४ मुलांत गोष्ट वाचणारी १५ झाली. बाहेर जाऊन आलेल्या १७ जणांत ५. चौथीतला तो बोटवाला बाहेर जाणाऱ्यांतला. तो शब्दांवर आला होता, परतला तेव्हा पुन्हा अडखळत होता.

यावर उपाय म्हणून सुनेनं २०२४ च्या दिवाळीआधी जाणाऱ्या प्रत्येकाला एक पिशवी दिली: वीस गोष्टकार्डं, पाच मोळ्या, एक पेन्सिल. गेलेल्यांपैकी निम्म्यांच्या पिशव्या परत आल्याच नाहीत. एकीचं लेकरू म्हणालं, धाटं चुलीत गेली, पाऊस होता.

मोळी सोडणारी मुलगी तेव्हा पाचवीत. एप्रिलमध्ये तिची पिशवी परत आली, तीन कार्डं कमी. उरलेली सुनेनं ओट्यावर पसरली आणि उलटवली. मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीनं तारखा, खेपा, टन, आणि एका कोपऱ्यात उचलीतून, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या पैशांतून, वजा केलेली रक्कम. अक्षर तिचंच. सुनेनं बोट ठेवून एकेक ओळ तपासली. फेब्रुवारीतल्या एका कार्डावर थांबली, मुलीला हाक मारली आणि म्हणाली, "इथं बघ, मोळी सोडायची राहिली."