तिखटाची बॅच केवढी, नुकसान तेवढं

मिरची पूड दळणाऱ्या बहुतेक छोट्या कारखान्यांत पाकिटावरचा बॅच नंबर म्हणजे पॅकिंगची तारीख, बस्स. तपासणीला आलेल्या माणसाचंही त्यावर समाधान होतं. पण बाजारातून माल परत घ्यायची वेळ आली की त्या तारखेमागे कुठली मिरची होती हे कुणालाच सांगता येत नाही. मग दोष असतो एका पोत्यात आणि ओढावा लागतो महिन्याचा माल.

फेब्रुवारी २००५ मध्ये ब्रिटनमध्ये हेच फार मोठ्या प्रमाणावर घडलं. भारतातून गेलेल्या तिखटात सुदान-१ हा खाण्यास बंदी असलेला लाल रंग होता. ते तिखट एका कंपनीच्या वूस्टर सॉसमध्ये गेलं, तो आंबट-तिखट पातळ सॉस इतरांनी आपापल्या तयार पदार्थांत घातला, आणि शेवटी चारशेहून जास्त पदार्थ दुकानांतून काढावे लागले. प्रत्येक पदार्थात तिखट असेल चिमूटभर.

आपल्याकडे खरा घोळ दळणात होतो. समजा दिवसाला ५०० किलो दळण आहे, म्हणजे २०० ग्रॅमची २५०० पाकिटं. काल चाळणीवर उरलेला आणि फाटक्या पाकिटांतला दहा-पंधरा किलो माल आज सकाळी हॉपरमध्ये, म्हणजे यंत्राच्या मिरची ओतायच्या तोंडात, जातो. आजचा उरलेला उद्या. टाकून कोण देणार? पण यामुळे सोमवारची मिरची मंगळवारच्या पाकिटात असते आणि मंगळवारची बुधवारच्या. गुरुवारच्या पाकिटात दोष सापडला तर मागे शेवटच्या आणि पुढे पुढच्या पूर्ण साफसफाईपर्यंतचा सगळा माल संशयित ठरतो. साफसफाई महिन्यातून एकदाच होत असेल तर तुमची बॅच महिन्याची आहे, पाकिटावर काहीही छापा.

उपाय सोपा आहे, पण कटकटीचा. उरलेला माल त्याच बॅचमध्ये संपवायचा, नाहीतर वेगळ्या डब्यात साठवून त्याचं स्वतंत्र दळण करायचं आणि त्याला स्वतःचा नंबर द्यायचा. बॅच बदलताना पल्व्हरायझर (दळणयंत्र), चाळणी आणि हॉपर कोरड्या ब्रशने आणि व्हॅक्यूमने साफ करायचे. पाण्याने धुऊ नये. सांध्यांत ओल राहते आणि बुरशी तिथूनच सुरू होते. नंतरचं पहिलं चार-पाच किलो दळण बाजूला काढायचं. कुणी, किती वाजता साफ केलं याची सहीनिशी नोंद हवी, कारण दोन बॅच वेगळ्या होत्या याचा पुरावा उद्या हीच वही देणार आहे.

नंबरही बोलका असावा. वर्षाचा कितवा दिवस, कुठलं यंत्र, मिरचीचा कितवा लॉट. २८७-२-१४ म्हटलं की १४ नंबरचा लॉट कुठल्या व्यापाऱ्याकडून, कुठल्या बिलाने आला आणि ओलावा किती होता हे वहीत दोन मिनिटांत सापडलं पाहिजे. (मिरची पुडीत ओलाव्याची मर्यादा ११ टक्के आहे, मिरची उतरवून घेतानाच मोजलेली बरी.) व्यापाऱ्याकडून फॉर्म ई मधली लेखी हमीही घ्या. माल बिघडलेला निघाला तर जबाबदारी त्याच्यापर्यंत नेण्याचा तो धागा आहे.

सगळ्यात जास्त कारखाने अडकतात ते बिलात. आतली साखळी चोख असते, पण डिस्ट्रिब्युटरच्या बिलावर बॅच नंबरच नसतो. टॅलीत बॅचनिहाय साठ्याची सोय असते, बहुतेकांनी ती कधी सुरूच केलेली नसते. वितरणाच्या नोंदी मालाची मुदत संपल्यानंतरही वर्षभर ठेवायच्या असतात, हेही अनेकांना माहीत नसतं.

सहा महिन्यांतून एकदा लुटुपुटूची परतमागणी करून पाहा. कुठल्याही दुकानातलं एक पाकीट उचला आणि घड्याळ लावा. २५०० पाकिटं बनली. गोदामात ३१०, विकली २१४०, राखीव नमुने ६, फाटली ४४. बेरीज जुळली आणि विकलेल्या २१४० ची यादी चार तासांत हातात आली तर ठीक. नाही जुळली तर चूक कुठल्या टेबलावर होते ते आजच कळलं.

अन्न सुरक्षा अधिकारी नमुना घेतात तेव्हा त्याचे चार भाग होतात. एक अन्न विश्लेषकाकडे जातो, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे (त्यांच्या वरिष्ठाकडे). चौथा भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवा अशी मागणी उत्पादक करू शकतो. पंचनाम्याच्या गडबडीत ही मागणी बहुतेकदा राहून जाते. विश्लेषकाचा अहवाल विरोधात गेला तर अपिलाला ३० दिवस मिळतात, आणि अहवाल टेबलावर पडून राहिला तरी ते मोजले जातात.

आता लेबल. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ८४ नुसार उत्पादन दिलेल्या हमीप्रमाणे नसेल तर उत्पादक जबाबदार ठरतो, हमी देताना निष्काळजीपणा नव्हता हे सिद्ध केलं तरीही. ‘१०० टक्के रसायनमुक्त’ हे शब्द डिझायनरने जागा भरायला टाकलेले असतात, पण ती हमीच आहे. कीटकनाशकांच्या अवशेषांची तपासणी प्रत्येक लॉटची होत नसेल तर ते काढून टाका. दुसऱ्याकडून दळून घेऊन त्यावर आपलं नाव लावणाऱ्या घरगुती ब्रँडांनी तर हे नीट समजून घ्यावं: दुसऱ्याने बनवलेल्या मालावर स्वतःची खूण लावणारा कायद्याच्या व्याख्येत उत्पादकच आहे. ‘आम्ही फक्त विकतो’ ही सबब चालत नाही.

लेबलवरच्या शब्दांचं काय होतं ते २०१५ मध्ये मॅगी नूडल्सवर बंदी आली तेव्हा दिसलं. नूडल्समध्ये शिसं (विषारी धातू) असल्याच्या आरोपाइतकाच ‘नो ॲडेड एमएसजी’ (चव वाढवणारं अजिनोमोटो घातलेलं नाही) हा दावा अंगाशी आला. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली. कंपनीचं म्हणणं ऐकलं गेलं नव्हतं आणि तपासण्या योग्य मान्यता नसलेल्या प्रयोगशाळांत झाल्या होत्या. पण तोवर हजारो टन माल नष्ट करण्याचं काम सुरू झालेलं होतं.

विमा घेतला आहे म्हणून निर्धास्त राहू नका. उत्पादन दायित्वाची पॉलिसी सहसा ग्राहकाला झालेल्या इजेची भरपाई देते. माल परत आणण्याचा आणि नष्ट करण्याचा खर्च त्यात नसतो, त्याचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं. दावा पॉलिसी चालू असतानाच यावा लागतो, त्यामुळे एका वर्षाचा खंड पडला तर जुन्या मालाचं छत्रही जातं. अमेरिकेत निर्यात असेल तर तो देश पॉलिसीत घातला आहे का ते वाचून घ्या.

आणि पाकिटात किडा सापडल्याचा व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागतो तेव्हा? ‘आमच्याकडे असं होऊच शकत नाही’ हे पहिलं वाक्य नसावं. पाकीट बदलून देऊन जुनं फेकूही नका. बॅच नंबरचा फोटो घ्या, पाकीट तसंच हवाबंद ठेवा, त्याच बॅचचा राखीव नमुना उघडा. भिंगाखाली छिद्राच्या कडा पाहा. कीड आतून बाहेर आली की बाहेरून आत शिरली ते बरेचदा कळतं, आणि दुकानातल्या शेजारच्या पोत्याचा दोष तुमच्या माथी येत नाही. त्याच बॅचची दुसरी तक्रार आली की गाडी भरणं थांबवा.

माल असुरक्षित असल्याची शंका आली तर कायदा लगेच परत मागवायला आणि अन्न व औषध प्रशासनाला कळवायला सांगतो. लोकांसाठीचं निवेदन सहा ओळींचं पुरतं: कुठली बॅच, कुठलं वजन, कुठल्या जिल्ह्यांत गेली, पाकीट असेल तर काय करायचं, फोन नंबर, पुढची माहिती किती वाजता. तो फोन उचलणाऱ्या माणसाकडे बॅचची यादी असू द्या.