तीन किलो कुठे गेले?

तासगाव तालुक्यातील एका शाळेत मी सातवी-आठवीला विज्ञान शिकवते. बाष्पीभवनाचा वेग कशावर अवलंबून असतो, असे विचारले की तापमान, पृष्ठफळ, वारा आणि हवेतील आर्द्रता ही चार नावे सगळा वर्ग एका सुरात सांगतो आणि उत्तरपत्रिकेतही ती त्याच क्रमाने उतरतात. या चार शब्दांमागे मुलांच्या मनात नेमके काय आहे, हे मला पुष्कळ वर्षे कळत नव्हते, आणि गुण पूर्ण पडत असल्यामुळे ते शोधण्याची गरजही वाटत नव्हती.

गेल्या फेब्रुवारीत, गावाभोवतीच्या शेडमध्ये बेदाण्याची गडबड सुरू असताना, मी सातवीला एक पत्र लिहायला सांगितले. शेडमधला द्राक्षाचा मणी आपल्या वेलीला पत्र लिहितो आहे. मण्याने रडावे, रुसावे, हवे ते बोलावे; मात्र त्याच्या अंगातल्या पाण्याने निसर्गाचे नियम मोडायचे नाहीत. साधारण ४ किलो द्राक्षांपासून १ किलो बेदाणा होतो, तेव्हा उरलेल्या ३ किलोंचा हिशोब पत्रात आला पाहिजे, एवढीच अट होती.

जवळजवळ निम्म्या मण्यांचे पाणी 'उन्हाने पिऊन टाकले' होते. एका मण्याचे पाणी तर रॅकच्या जाळीतून खाली ठिबकून गेले होते, आणि ते पत्र लिहिणारा मुलगा चार घटकांच्या प्रश्नात पैकीच्या पैकी गुण मिळवणारा होता. पाणी कमी होणे म्हणजे ते गळणे, अशीच त्याची समजूत होती. डोळ्यांना न दिसता हवेत मिसळणारी वाफ त्याने पाठ केली होती, पण त्याला ती पटलेली नव्हती.

एका मुलीच्या घरची शेड आहे. तिच्या मण्याने लिहिले होते, 'आई, इथे आम्हाला ऊन लागू देत नाहीत. ऊन लागले तर आम्ही काळे पडू, म्हणून शेडनेट बांधले आहे. पण चारी बाजूंनी वारा झोंबतो, आणि आणतानाच औषधाच्या पाण्यात बुडवून अंगावरचे मेण सैल केले आहे, त्यामुळे माझे पाणी अंगात थांबत नाही.' हे वाचून मी वरमले, कारण 'द्राक्षे उन्हात वाळवून बेदाणे करतात' हे वाक्य फळ्यावर मीच लिहिले होते. दुसऱ्या दिवशी तो तास मी तिच्याकडेच दिला. बुडवणीचे माप ती घरून विचारून आली होती: १ लिटर पाण्याला २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली डिपिंग ऑईल. तिने आणलेल्या द्रावणात आम्ही काही मणी बुडवले, काही तसेच ठेवले आणि आठवडाभर रोज वजन केले. बुडवलेले मणी लवकर हलके होत गेले.

आठवीला मी सांगलीजवळच्या हरिपूरचे हळदीचे पेव, म्हणजे हळद साठवायचा जमिनीतला खोल खड्डा, हा विषय दिला. बंद राहिलेल्या पेवात प्राणवायू उरत नसे, म्हणून ते उघडल्यावर आत आधी कंदील सोडून पाहत आणि तो विझला नाही तरच माणूस उतरे. ही गोष्ट कंदिलाच्या तोंडून लिहायची होती. बहुतेक कंदील 'विषारी वायू' नावाच्या खलनायकाने मारले. हा वायू आला कुठून, एवढाच प्रश्न मी समासात लिहिला, आणि त्यातून श्वसन व ज्वलन यांवर जेवढी चर्चा झाली तेवढी पाठावरून कधी झाली नव्हती. (एका कंदिलाला भुताने विझवले होते. ती गोष्ट सर्वांत चांगली लिहिलेली होती, पण अट मोडल्यामुळे परत करावी लागली.)

'मी नदी बोलते' छापाचे निबंध मी आता देत नाही. त्यांत नदी पहिल्या परिच्छेदात जन्मते आणि दुसऱ्यात प्रदूषणाबद्दल रडते. विज्ञान कुठेच येत नाही. लेखनाला विज्ञानाची एखादी अडचण घातली तरच त्याचा उपयोग होतो, असे माझे मत झाले आहे. भाषेचे गुणही मी देत नाही. मुले वह्या बदलून निसर्गाला न पटणाऱ्या वाक्यांखाली रेघ मारतात, आणि त्या रेघांवरून होणारी भांडणे मी मुद्दाम लवकर मिटवत नाही.

ठिबकणाऱ्या मण्याखालीही अशी रेघ आली होती. तो मुलगा रागावून घरी गेला आणि त्याने चुलत्याच्या शेडमध्ये रॅकखाली वर्तमानपत्र अंथरून ठेवले. चार दिवसांनी तो कागद त्याने वहीत चिकटवून आणला. त्यावर थोडे चिकट डाग होते, आणि खाली लिहिले होते: 'बाई, हे फुटलेल्या मण्यांचे आहेत. हे ३ किलो नाहीत.'